कानाझावातली अवेळी घंटा

शारजातल्या अल नहदातून दुबई विमानतळ गाठायला एरवी पाऊण तास लागतो. त्या सकाळी आम्ही वीस मिनिटांत पोहोचलो. अमिरातीच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी लागली होती आणि शारजा-दुबई सीमेवरच्या रोजच्या रांगेत आमची गाडी सोडून फारसं कुणीच नव्हतं. गाडी माझी बायको मंजिरी चालवत होती. ती शाळेत शिकवते. वार्षिक कार्यक्रमाच्या तालमींमुळे तिला रजा मिळाली नव्हती. आमची चौदा वर्षांची इरा मागे कानात इअरफोनचे बोळे घालून बसली होती.

"मेतकुटाची बरणी हँडबॅगेत ठेवलीस ना?" मंजिरीने विचारलं.

"ठेवली."

"आणि ते भेटले तर सांगणार आहेस ना?"

"सांगणार आहे."

"नीट सांग, उदय. तिथे जाऊन गुळमुळीत बोलू नकोस."

कुणाला आणि काय सांगायचं होतं, ते वाचकांना आधीच सांगून टाकतो. जबल अलीतल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत मी अठरा वर्षं नोकरी करतोय. त्यातली अकरा वर्षं माझे मॅनेजर होते मोरिता-सान (सान म्हणजे आपलं 'राव' किंवा 'जी'). काम मला त्यांनी शिकवलं. रागावले तरी दार लावून रागवायचे. दुपारी माझ्या डब्यातलं मेतकूट साध्या भातावर भुरभुरून खायचे आणि म्हणायचे, आमच्याकडेही अस्संच असतं, फक्त त्यात मासे घालतात.

लॉकडाऊननंतरच्या त्या विचित्र महिन्यांत कंपनीत नवे साहेब आले. त्यांचं आणि मोरिता-सानांचं बिनसलं आणि मोरिता-सानांना वेळेआधी निवृत्त व्हावं लागलं. ऑफिस सोडायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा चौदा जणांना जेवायला बोलावलं. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की कोण कोण जातंय यावर नव्या साहेबांचं लक्ष आहे. मी घाबरलो. मेसेज टाकला, 'इराला एकशे दोन ताप आहे, येता येणार नाही.' इरा त्या वेळी माझ्यासमोर सोफ्यावर उड्या मारत होती. त्यांचे चौकशीचे लागोपाठ तीन मेसेज आले. खोट्यावर आणखी खोटं लिहायचं धाडस होईना, म्हणून मी फोनच बंद करून ठेवला. आठवड्याभरात व्हिसा रद्द झाला आणि त्यांचा इथला नंबरही गेला. खलास.

पाच वर्षं ते मनात सलत होतं. मला त्यांना गाठून खरं काय ते सांगायचं होतं. पत्ता नव्हता आणि ऑफिसात मागायचं म्हटलं तर चोराच्या मनात चांदणं! फेसबुकवर असणाऱ्यांतला तो माणूस नव्हे. मला माहीत होतं ते एवढंच की गाव कानाझावा, घर देवळांच्या आळीत, आणि घराजवळच्या देवळातली संध्याकाळची घंटा लहानपणी ते स्वतः वाजवायचे. एवढ्या भांडवलावर आम्ही बाप-लेक निघालो होतो.

पण खोटं कशाला बोलू (पुन्हा!), मनावर ओझं असूनही मी आनंदाने नुसता उड्या मारत होतो. जपान! अकरा वर्षं ज्या देशाच्या गोष्टी डबा खाताना ऐकल्या, तो देश. इराने तर जपानी कार्टून बघून बघून कामापुरती जपानी भाषाही शिकून ठेवली होती. तेव्हा दुभाषी घरचीच होती.

टोकियोत एक रात्र काढून आम्ही कानाझावाची बुलेट ट्रेन पकडली. गाडी सुटायच्या वेळी मी घड्याळ बघत होतो. सेकंदाचा काटा बारावर आला आणि फलाट मागे सरकला. मी इराला ते दाखवलं. मग उजवीकडचे बर्फाचे डोंगर दाखवले. मग बोगदा संपल्यावर अचानक करडं झालेलं आभाळ दाखवलं.

"बाबा, आय हॅव आइज," इरा म्हणाली. मी तीन मिनिटं गप्प बसलो.

कानाझावात उतरलो तर गडगडाट. डिसेंबरात! टॅक्सीवाल्या आजोबांनी इराला सांगितलं की इथे हिवाळ्यात वीज कडाडली की समुद्रातले मोठे मासे जागे होतात, म्हणून कोळी या गडगडाटाची वाट बघतात. आणखी एक म्हण सांगितली: डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. आम्ही दोन्ही आणलं नव्हतं. वर्षातून चार दिवस पाऊस पडणाऱ्या शारजातली माणसं आम्ही, छत्री आमच्या घरातच नाही. पहिली खरेदी अर्थातच दोन पारदर्शक छत्र्यांची झाली.

शहरात सगळीकडे पाइनच्या झाडांना वरपासून खालपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या. मधोमध उंच बांबू आणि त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला एक दोरी. बर्फ जड असतो, फांदी मोडू नये म्हणून हा आधार. एका झाडाला शंभरेक दोऱ्या सहज असतील. एवढं झाडाचं कोण करतं हो! मी तिथेच भिजत उभा राहून दोऱ्या मोजायला लागलो आणि इराने मला हाताला धरून ओढून नेलं.

तेरामाची म्हणजे शब्दशः देवळांची आळी. नदीच्या पलीकडे चढावर ती पसरली आहे. पावलापावलाला देऊळ, साठ-सत्तर तरी असतील. पर्यटक त्यांतल्या एका प्रसिद्ध देवळापुढे रांग लावतात आणि तिथूनच परत जातात. बाकीच्या देवळांत चिटपाखरू नसतं. लाकडी दरवाजा अर्धवट उघडा, आत दगडी फरसबंदी, शेवाळ, कौलांवरून ठिबकणारं पाणी. पाटी नाही, दानपेटीशी बसलेला माणूस नाही. पहिल्या देवळात आम्ही पाच मिनिटं नुसते उभे राहिलो. इराने फोन खिशात ठेवला. हे तिने कुणी न सांगता केलं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

आत जायचं तर बूट काढायचे. ती आपल्याला सवयच. पण बूट काढला आणि माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्याएवढं भोक! नेमके तेव्हाच पानं झाडणारे वृद्ध भिक्षू समोर आले. त्यांनी भोकाकडे पाहिलं नाही, म्हणजे फारच काळजीपूर्वक पाहिलं नाही. आम्हाला बसवून त्यांनी होजिचा (भाजलेल्या पानांचा आणि देठांचा चहा) दिला. चव म्हणाल तर दूध न घातलेली, पण धुरकट आणि गोडसर. थंडीने आखडलेली बोटं त्या पेल्याभोवती सैल झाली.

इराने विचारलं, इथे मोरिता नावाचं कुणी राहतं का? त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला.

"बाबा, इट्स लाइक आस्किंग फॉर मिस्टर पाटील इन सांगली," इरा म्हणाली. सांगली माझं गाव. उपमा बरोबर होती.

दुसऱ्या देवळात तळ्याकाठी छोटंसं देवघर होतं. आतल्या मूर्तीच्या हातात तंतुवाद्य होतं. इराने फलक अडखळत वाचला, बेंझाइतेन. पाण्याची, संगीताची, विद्येची देवी, भारतातून आलेली. मी एकदम ओरडलोच, "अगं, सरस्वती!" आपली माणसं परगावी अचानक भेटल्यावर होतो तसाच आनंद झाला मला. किती शतकांपूर्वी ही बाई समुद्र ओलांडून इथे आली, नाव बदललं, वाद्य बदललं, पण बसण्याची ढब तीच ठेवली. मी तिला मनापासून नमस्कार केला आणि इराच्या दहावीचंही घातलं कानावर.

तिसऱ्या देवळात जिझोच्या (लहान मुलांना सांभाळणाऱ्या बोधिसत्त्वाच्या) गुडघ्याएवढ्या दगडी मूर्ती ओळीने उभ्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर लाल विणलेली टोपी, गळ्यात लाल लाळेरं. थंडीत देवाला टोपी घालायची कल्पना मला फार आवडली. चौथं बंद. पाचव्यात मांजर होतं, माणूस नव्हतं. सहाव्यात एक बाई म्हणाल्या, मोरिता होते, पण ते ओसाकाला गेले. कोणते मोरिता? दातांचे डॉक्टर. आमचे नव्हेत.

जेवायला आम्ही एका बुटक्या दाराच्या खानावळीत शिरलो. जिबुनी (बदकाचा घट्ट रस्सा) मागवला. सांगलीच्या माणसाला रश्शात तिखट नाही म्हणजे काय ते सांगायला नको. पण पहिल्या घोटानंतर मी बोललो नाही आणि वाडगं चाटूनपुसून साफ केलं. बाहेर आल्यावर इराने या गावाचं प्रसिद्ध आइस्क्रीम घेतलं. त्यावर खऱ्या सोन्याचा वर्ख चिकटवतात.

"पंचवीस दिरहम! म्हणजे सहाशे रुपये. एका आइस्क्रीमला!" मी मोठ्याने हिशेब केला.

"यू कॅन हॅव द गोल्ड, बाबा," ती म्हणाली आणि वर्खाचा तुकडा माझ्या नाकाला चिकटवला. संध्याकाळपर्यंत तो तसाच होता. मला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गारांसकट पाऊस आला. सकाळपासून आम्ही आणखी आठ-नऊ देवळं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी घंटा शोधली, तर कुठे घंटाघराला कुलूप, कुठे घंटा युद्धात वितळवली ती पुन्हा बसवलीच नाही. दुपारचे अडीच वाजले. पुढच्याच दिवशी दुपारी परतीची गाडी होती. मोरिता-सान भेटले नाहीत तर मी आयुष्यभर त्या मेसेजसकट राहणार, हे मला त्या चढावर उभं असताना स्पष्ट दिसलं. इराच्या बुटांत पाणी गेलं होतं. ती काही बोलत नव्हती, म्हणून मीच म्हणालो, चल, लॉजवर जाऊ.

लॉजच्या मागच्या बोळातून जवळचा रस्ता होता. त्या बोळात एक देऊळ दिसलं. इतकं लहान की आम्ही दोन दिवसांत चार वेळा त्याच्या भिंतीला खेटून गेलो होतो आणि आम्हाला ते कुणाच्या तरी घराचं आवार वाटलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! दारातून आत शिरलो. उजव्या हाताला चार खांबांवर छप्पर आणि त्याखाली पुरुषभर उंचीची हिरवट काळी घंटा. तिच्या बाजूला आडवा टांगलेला ओंडका आणि त्याला लोंबणारी दोरी.

आता जे झालं ते मी विचार करून केलेलं नाही. देवळात शिरताना आपला हात वर जातो. लहानपणी आई उचलून घ्यायची, तेव्हापासून जातो. समोर देव, बाजूला घंटा, आणि दोरी थेट हाताशी. मी ती खेचली आणि सोडली.

घोंऽऽऽ!

आवाज कानात नाही, छातीत वाजला. तो छपरांवरून गेला, नदीकडे गेला, परत आला आणि तरी संपेना. इरा माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होती.

"बाबा. व्हॉट डिड यू डू."

बोळातली दारं सरकू लागली. समोरून हातात पळी घेतलेल्या एक बाई धावत आल्या. एक आजोबा वर्तमानपत्र डोक्यावर धरून आले. देवळाच्या मागच्या घरातून भिक्षूंच्या पत्नी (तिथल्या भिक्षूंना संसार असतो) पायांत दोन वेगळ्या चपला घालून पळत आल्या. भूकंपांचा देश तो! त्यांना वाटलं काहीतरी भयंकर घडलं. पळीवाल्या बाईंनी मला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. ही घंटा सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला वाजते, एरवी कुणी हात लावत नाही. मी कमरेत वाकून 'सुमिमासेन' (माफ करा) म्हणालो. पुन्हा वाकलो. एकूण किती वेळा वाकलो देव जाणे.

इराने जमेल तसं समजावलं की आमच्याकडे देवळात गेल्यावर घंटा वाजवतात, देवाला कळावं की आपण आलोय. हे ऐकून भिक्षूंच्या पत्नी आधी गंभीर राहिल्या आणि मग तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे संध्याकाळी वाजवतात, ती मुलांनी घरी जावं म्हणून! मग त्यांनी विचारलं, भारतातून आलात? इरा म्हणाली, भारतातलेच, पण आलो दुबईहून.

"दुबाई?" पळीवाल्या बाई किंचाळल्या. "दुबाई-सान!"

आणि त्यांनी पळीनेच कोपऱ्यावरचं घर दाखवलं. मोरिता नावाचे दहा असतील, पण सबंध आळीत दुबई-सान एकच होते.

ते दारातच उभे होते. अवेळी घंटा ऐकून बघायला निघाले होते. हातात चाकांचा वॉकर, गुडघ्यांवर पट्टे, अंगाने निम्मे झालेले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "उदय-सान. तू वाजवलीस?"

"हो."

"अच्छा," ते म्हणाले आणि आम्हाला वाट द्यायला दारातून बाजूला सरकले.

घरात जमिनीलगतच्या टेबलाखाली शेगडी आणि वर दुलई अशी व्यवस्था होती. पाय आत घातले आणि जीव भांड्यात पडला. त्यांच्या पत्नी सचिको-सान यांनी इराचे ओले मोजे जवळजवळ हिसकावून वाळत घातले. मी मेतकुटाची बरणी पुढे केली. मोरिता-सानांनी झाकण उघडून वास घेतला आणि डोळे मिटून बसले. आमचं बोलणं जुन्या पद्धतीने चालू झालं, इंग्लिश, आणि त्याला हिंदी-अरबीची फोडणी. पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ते इराकडे बघत होते.

"केवढी मोठी झाली, माशाल्ला," ते म्हणाले. "बेटा, तो ताप किती दिवस राहिला होता?"

"व्हॉट फीव्हर?" इरा म्हणाली.

मी दुलई आणखी वर ओढली.

"लहान होतीस, आठवत नसेल," मोरिता-सान हसले. मग ते मला सांगायला लागले. तेव्हाचे दिवस आठवतात ना, ताप म्हटलं की माणूस हादरायचा. तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं, झालं काहीतरी. इथे पोहोचल्यावर चौदा दिवस वेगळं ठेवलं होतं. सुटलो तो थेट समोरच्या देवळात गेलो. तिथे याकुशी (औषधाची कुपी घेतलेला बुद्ध) आहे. ओह्याकुदो घातलं.

ओह्याकुदो म्हणजे शंभर वेळा दर्शन. दारापासून मूर्तीपर्यंत जायचं, हात जोडायचे, परत दारापाशी यायचं. असं शंभर वेळा. घरातलं कुणी फार आजारी असेल तर घालतात. हा तिथला नवसच. माझे साहेब वयाच्या चौसष्टाव्या वर्षी माझ्या मुलीसाठी ते घालून बसले होते.

"इच्छा पुरी झाली की आभार मानायला जायचं असतं," ते म्हणाले. "पण मला काही कळलंच नाही. आभाराची फेरी पाच वर्षं राहून गेली. आज तिला पाहिलं. आता जाता येईल. अलहमदुलिल्लाह."

तिथे गप्प बसलो असतो तर सगळं गोड झालं असतं. ते खूश होते, इराला काही कळलं नव्हतं. एक क्षण मी तसा विचार केलाही, हे कबूल करतो.

"ताप नव्हता, मोरिता-सान," मी म्हणालो. "ती ठणठणीत होती. मी नव्या साहेबांना घाबरलो, म्हणून आलो नाही. तुमच्या मेसेजना उत्तर दिलं नाही, कारण मला लाज वाटली."

इराने माझ्याकडे वळून पाहिलं. शेजारच्या खोलीत किटली शिट्टी घालत होती. सचिको-सान उठल्या नाहीत.

मोरिता-सान बरणीचं झाकण लावत बोलले. "त्या दिवशी चौदा खुर्च्या मांडल्या होत्या. पाच जण आले. नऊ खुर्च्या रिकाम्या. त्यातल्या आठांचा मला फार राग आला. तुझा आला नाही. तुझं कारण खरं होतं."

मला मान वर करता येईना. त्यांनी पत्नीला जपानीत सगळं सांगितलं. सचिको-सानांनी एकवार माझ्याकडे बघितलं आणि समोरची मिठाईची ताटली इराकडे सरकवली. निघताना मोरिता-सान एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी आठ वाजता देवळात ये."

लॉजवर इराने ओले बूट वाळत घातले. मग म्हणाली, "यू यूज्ड मी अ‍ॅज अ‍ॅन एक्सक्यूज."

"हो."

"दॅट्स सो लेम, बाबा." आणि थोड्या वेळाने, "बट यू टोल्ड हिम." तेवढ्यावर मी झोपलो.

सकाळी आठला बारीक बर्फ पडत होता. आयुष्यातला पहिला बर्फ! एरवी मी नाचलो असतो. मोरिता-सान देवळाच्या पडवीत दुलई पांघरून बसले होते. पुढ्यात बांबूच्या पट्ट्यांचा जुडगा.

"रात्री विचार केला," ते म्हणाले. "मी मागितलं, मुलीला ताप नको. ताप नव्हताच. म्हणजे डिलिव्हरी ऑर्डरच्या आधी! तीस वर्षं वेअरहाऊस चालवलं, मला हे एकदाही जमलं नाही. देवाचे आभार तर मानायलाच हवेत. माझे गुडघे गेले. तू चाल."

"एक फेरी?"

"शंभर."

"आणि ती खुर्ची, मोरिता-सान?"

"ती रिकामीच राहील, उदय-सान," ते शांतपणे म्हणाले. "पण तू चाल."

मी चाललो. दारापासून मूर्तीपर्यंत चाळीस पावलं. हात जोडायचे, वळायचं. प्रत्येक फेरीला ते एक पट्टी डावीकडून उजवीकडे ठेवत. पंचवीसपर्यंत मी पाय कुठे पडतोय ते बघत होतो. चाळिसाव्याला धाप लागली. जबल अलीच्या ऑफिसात खुर्चीत बसून वाढवलेलं पोट माझ्यासोबत चालत होतं. साठाव्याला बुटांचा आवाज आला, इरा शेजारी चालायला लागली होती. तिने काही विचारलं नाही. पळीवाल्या बाई भिंतीवरून बघत होत्या. मी ऐंशीला थांबून गुडघ्यांवर हात टेकले, तर त्या निःशब्द देवळात पडवीतून खणखणीत आवाज आला, "यल्ला, यल्ला!" (अरबीत 'चल, चल'). मी हसलो आणि हसता हसता रडायला लागलो. शेवटच्या वीस फेऱ्या तशाच घातल्या.

शंभरावी पट्टी ठेवून मोरिता-सान म्हणाले, "खलास." मग सचिको-सानांनी गरम भात आणला. त्यावर मेतकूट होतं.

दुबईला उतरलो तेव्हा अठ्ठावीस अंश होतं आणि आमच्या छत्र्यांकडे लोक बघत होते. मंजिरीला सगळं सांगायला सीमेवरचा दीड तासाचा ट्रॅफिक पुरला. खुर्चीचं ऐकून ती म्हणाली, "बरोबर बोलले ते." मलाही तसंच वाटतं. मी गेलो होतो ओझं टाकून यायला. ते तिथे कुणी उतरवून घेतलं नाही, पण ते घेऊन कसं चालायचं ते मात्र कळलं. शांत देवळं बघून मनःशांती मिळते असं म्हणतात. मला तिथे पायांत गोळे मिळाले, आणि मी फार आनंदात परत आलो.

हे प्रवासवर्णन इथेच संपणार होतं. पण परतल्यावर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी इरा शाळेतून आली ती फणफणत. एकशे एक. कानाझावाची थंडी आता बाहेर आली होती. मी फोन हातात घेतला, मोरिता-सानांचा नवा नंबर आता त्यात होता. कळवावं की नाही? कळवलं तर कुठल्या तोंडाने? शेवटी लिहिलं, 'इराला ताप आहे. या वेळी खरंच.' मंजिरी म्हणाली, "थर्मामीटरचा फोटो पण टाक." मी टाकला.

सकाळी उठलो तर उत्तर येऊन पडलं होतं. 'फोटोची गरज नव्हती. मला दहाच फेऱ्या जमल्या. नव्वद सचिकोने घातल्या. बर्फ आहे, पण ती ठीक आहे.'

मी ते मंजिरीला वाचून दाखवायला गेलो आणि मला वाचता येईना. तिने फोन घेऊन स्वतः वाचलं.

दोन दिवसांनी सकाळी इरा स्वतःहून उठून सोफ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम हंग्री." थर्मामीटर लावला, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. मंजिरीने भात टाकला. मी मंजिरीच्या आईला फोन केला नाही, माझ्या आईलाही नाही. सगळ्यांत आधी मोरिता-सानांना कळवलं, ताप उतरला.